मेमरी कार्डातलं रसायन

मॅडम,

काल गोंदियात नवा फोन घेतला. दुकानदार जुन्यातलं सगळं नव्यात टाकून देत होता, तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "दीदी, ये रिकॉर्डिंग वाला फोल्डर भी लेना है क्या? बहुत पुराना है, आवाज भी साफ नहीं." मी म्हटलं, "बाकीचं राहिलं तरी चालेल, ते आधी घ्या." तो हसला, पण घेतलं त्यानं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या प्रत्येक फोनात पहिल्यांदा तुम्ही राहायला येता, मग बाकीचं सामान. हे तुम्हाला कधी सांगायला मिळालंच नाही. म्हणून आज ड्यूटीवरून आले, चहा ठेवला आणि लिहायला बसले.

आमच्या बारावीच्या वर्षी रोवणा लागला तसा वर्ग निम्मा रिकामा झाला. दर वर्षीच व्हायचा. धान रोवायच्या दिवसांत घरात जितके हात तितके शेतातल्या बांधीत, मग पोरगी बारावी सायन्सला असो नाही तर चौथीत. बाकीच्या सरांनी हजेरीपटावर लाल शेरे मारले आणि मोकळे झाले. तुम्ही आठवडी बाजाराच्या दिवशी एस.टी.नं देवरीहून चिचगडला आलात, आम्हा चार गावांच्या चार पोरींना भाजीच्या दुकानांतून शोधून काढलं आणि म्हणालात, "फोन कोनाकोनाच्या घरी हाय? पुढच्या बाजाराले घेऊन या." आम्हाला वाटलं, आता घरी फोन करून तक्रार करणार. आमच्या गावांत टॉवर नव्हता, ही गोष्ट त्या भीतीत कोणालाच आठवली नाही.

पुढच्या बाजाराला तुम्ही केमिस्ट्रीचे धडे तुमच्या फोनात बोलून आणले होते. पुस्तक इंग्रजीत, नोट्स इंग्रजीत, आणि तुम्ही मात्र आमच्याच बोलीत सांगायच्या, जशा शेजारच्या घरची भानगड सांगून राहिल्या आहेत. "आता हा क्लोरीन इतका हावरा कायले? कारन त्याच्या घरी एकच इलेक्ट्रॉन कमी हाय." तेव्हाचे स्मार्टफोन नावाचेच स्मार्ट होते. चार फोटो आणि दोन धडे घातले की मेमरी फुल म्हणून बोंब ठोकायचे. तुमचाही तसलाच. धडा बोलायचा, ब्लूटूथनं आम्हाला द्यायचा आणि पुढच्या धड्याला जागा व्हावी म्हणून आपल्या फोनातला पुसून टाकायचा. कोणाच्याच फोनात सगळे धडे मावत नव्हते, म्हणून तुम्ही ते आमच्यात वाटून दिले. बाजाराच्या दिवशी मोहाच्या झाडाखाली आम्ही फोनाला फोन लावून बसायचो. ऐकून झालेलं पुसायचं, दुसरीकडून नवं घ्यायचं. माझ्याकडे बाबांचा फोन आणि त्यात मोठं मेमरी कार्ड, म्हणून सगळ्यांत जास्त धडे माझ्याकडे.

बांधीत फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कमरेला खोचलेला असायचा, वायर पदरातून कानात. गुडघाभर चिखल, हातात रोपांची पेंढी, आणि कानात तुम्ही. शेजारची काकू एकदा म्हणाली, "का ऐकून राहिली वं एकटीच? मलेही दे एक कान." दिला. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे बाई कोनावर रागावून राहिली?" म्हटलं, "क्लोरीनवर, काकू." त्यानंतर रोवणा संपेपर्यंत ती रोज विचारायची, क्लोरीनचं काही जमलं का म्हणून.

मग माझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. तेव्हा मोबाइलच्या दुकानात कार्डात गाणी भरून मिळायची. ऐकून कंटाळा आला की जुनी काढून नवी भरायची, अशीच रीत होती. बाबा मांडवात वाजवायला गाणी भरून आणायला गेले. दुकानवाल्यानं रीतसर विचारलं, "पुराना सब हटा दूं क्या?" बाबा म्हणाले, "हटा दो." खुशीत घरी आले, मला बोलावून गाणं लावून दाखवलं. मी फाइल मॅनेजर उघडला. तुमचा फोल्डर नव्हता. मी रडायला लागले तेव्हा बाबा पार गोंधळून गेले. "तुह्या मॅडमचे धडे? ते कार्डात होते का वं? मले वाटलं, ते फोनच्या पोटात रायतेत." बाकीच्या तिघींनी त्यांच्याकडचे ते धडे केव्हाच पुसले होते. कायले ठेवतील? माझ्याकडे होते ना.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. मॅडम, तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते तुम्हाला माहीत होतं. चांगले मार्क आले तर नर्सिंगला नंबर लागणार होता, आणि नाही लागला तर पुढच्या मांडवात मीच उभी राहणार होते. बाबा वाईट नव्हते, जुलूम करणारे तर मुळीच नव्हते. पण ठरलं ते ठरलं होतं.

तुम्ही तेव्हा रजेवर होता. घसा बसला आहे, एवढंच आम्हाला कॉलेजात कळलेलं. मी देवरीला तुमच्या घरी आले तर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होता. मी सगळं बाबांवर ढकललं, अडाणी म्हटलं, काय काय म्हटलं. तुम्ही ऐकून घेतलं आणि फुसफुसल्यासारख्या आवाजात बोललात. त्या आवाजाला धार मात्र होती. "बापाले नावं ठेवू नको. त्याले विचारलं, त्यानं हो म्हटलं. एकुलता एक धडा एकाच कार्डात ठेवायले कोनं सांगितलं? मीनंच ना? मंग चूक माही." जुडी माझ्याकडे सरकवलीत. "आन् तू एवढी शहाणी, तुले एक कॉपी दुसरीकडं ठेवायची नाही सुचली? रड आता. रडून धडा येते का परत? पानी पी आन् हे मेथी निवड." मी नाक पुसत पूर्ण जुडी निवडली. तुम्ही मध्येच उठून कॅलेंडरजवळ गेलात आणि बोटानं दिवस मोजत उभ्या राहिलात. परीक्षेला किती उरले ते बघत असाल, असं मला वाटलं.

पुढच्या बाजाराला सर स्वतः चिचगडला आले. तुमच्या यजमानांना आम्ही पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. त्यांनी कागदात गुंडाळलेलं कार्ड दिलं आणि तुमचा निरोप सांगितला, की प्रत्येक धडा दोन गावांतल्या दोन फोनांत ठेवायचा आणि दुसरीला विचारल्याशिवाय पहिलीनं पुसायचा नाही. चौघीजणी झाडाखाली बसलो आणि ऐकायला लागलो. तुमच्या आवाजासोबत कुकरची शिट्टी ऐकू येते. भांडं पडतं. तुम्ही पाण्याचा घोट घेता, खाकरता, परत सुरू करता. मग सर म्हणतात, "पुरे कर आता. नागपूरच्या डॉक्टरनं काय सांगितलं? ऑपरेशन होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." आणि तुम्ही म्हणता, "दोनच पानं राहिली."

कॅलेंडरवर तुम्ही कुठले दिवस मोजत होता, ते मला तेव्हा कळलं. एक म्हणाली, "बंद करू का वं? मले नाही ऐकवत." दुसरीनं तिचा हात धरला. "बंद केलं त मॅडमचं बोललेलं वाया जाईल." मग आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. सर चहाच्या टपरीजवळ पाठमोरे उभे होते आणि परतीची एस.टी. आली तसे चढून गेले.

माझा नंबर लागला. पेढे घेऊन आले तेव्हा तुमचं ऑपरेशन झालेलं होतं आणि आवाज गेला होता. तुम्ही पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. आधी माझा फोन मागितला, फाइल मॅनेजर उघडून बघितला, मग बोटं वर करून विचारलं, दुसरी कॉपी? मी मैत्रिणीच्या गावाचं नाव सांगितलं. तेव्हा कुठे तुम्ही पेढा कुस्करून, थोडा थोडा करत खाल्ला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेल्याचं कळलं. पेपर होता, मला येता आलं नाही.

आज मी माझ्या पायावर उभी आहे, माझं लग्न मी माझ्या पसंतीनं आणि माझ्या वेळेवर केलं, आणि बाबा गावात सगळ्यांना सांगत फिरतात की पोरगी सिस्टर आहे. हे सगळं तुमचं देणं आहे, मॅडम. माझ्या आईनं मला जन्म दिला, पण पुढचा रस्ता तुम्ही मोकळा केलात, तोही बोलायची मनाई असताना. त्याबद्दल आभार म्हणायला मला लाज वाटते, इतका तो शब्द थिटा पडतो. तरी म्हणते.

हे पत्र टाकायचं कुठे? सरही देवरी सोडून गेले. राहील इथंच. पण लिहिलंच आहे तर एक खरं सांगून टाकते. तुम्ही सगळ्यांत शेवटी बोललेला तो इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा, ज्यात तुमचा आवाज फाटत जातो, तो मला तेव्हाही समजला नव्हता. पेपरात तो प्रश्न मी ऑप्शनला सोडला. अजूनही नाही समजत. तो लावते आणि तुम्ही श्वास घ्यायला थांबता तिथं माझं लक्ष धड्यावरून उडतं.