बटाट्यांसाठी हारो

जर्सी, मे १९४८

प्रिय अडेल,

नव्या कायद्यावरच्या सभेची किंमत आधी सांगून टाकतो: माझे दोन दात, पॅरिशच्या सभागृहाच्या सगळ्या काचा आणि तुझ्या भावाचा डावा डोळा. क्लेमेंट जिवंत आहे. एवढं वाच, मग बसून बाकीचं.

तू शेवटच्या बोटीने साउदॅम्प्टनला गेलीस आणि पाठोपाठ जर्मन आले. पाच वर्षं आम्ही सलगम खाल्ले, पार्सनिपची मुळं भाजून त्यालाच कॉफी म्हटलं. आता जर्मन गेले, तर लोक म्हणतात, तहहयात बसणाऱ्या न्यायपंचांना कायदेमंडळातून उठवा, तिथे आम्ही निवडलेली माणसं बसवा. न्यायपंच पिनेलसाहेबांना हे कसं पचावं? भरसभेत म्हणाले, "आता बटाटेवाले कायदे करणार!" रोख माझ्यावरच. मीही सुनावलं, "हातगाडी ओढली साहेब, पण आज स्वतःच्या जमिनीतलं पिकवून विकतो." टाळ्या पडल्या. छाती फुगली माझी.

तेवढ्यात क्लेमेंट उठला. त्याच्या पोटात काही राहतं का? "साहेब, आम्ही सलगम चघळत होतो तेव्हा तुमची डुकरं कुठल्या जर्मनांच्या ताटात जात होती?" मग पहिली खुर्ची उडाली.

पिनेलच्या गड्यांनी त्याला फरफटत नेऊन रस्त्यापलीकडच्या बटाट्यांत पाडलं. हातात फावड्यांचे दांडे. पहिला दांडा बसला तेव्हा ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो अजून माझ्या कानातून जात नाही. मधे पडलो, तर दात गेले. शेवटी टोपी काढून गुडघ्यांवर बसलो आणि ओरडलो, "हारो! हारो! हारो! धावा हो राजे, माझ्यावर अन्याय होतोय!" वाडवडिलांपासूनची रीत, हारो ऐकला की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत हात जागीच थांबवायचा; दांडे हवेतच थांबले. पण पिनेलचा पुतण्या, आपला मानद पोलीस, हसून म्हणाला, "ऊठ रे विंटर. हारो जमिनीसाठी असतो, माणसाच्या हाडांसाठी नाही. चालू द्या!" आणि चाललं. डोळा तेव्हा गेला.

मग माझं डोकं चाललं. पुन्हा बोंब मारली, "हारो! माझं शेत तुडवताय! माझे बटाटे!" अडेल, सगळे थांबले. एकाने तर रोप मोडू नये म्हणून पाय जपून सरीबाहेर ठेवला. क्लेमेंट रक्ताच्या थारोळ्यात, शेजारी मी हारोच्या रीतीप्रमाणे फ्रेंचमध्ये 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणतोय, आणि मारणारे टोप्या काढून, माना खाली घालून ऐकताहेत!

क्लेमेंट आता पेज पितो. पडल्या पडल्या म्हणतो, "मत द्यायला एक डोळा पुरतो."

आता कामाचं. हारो घातला की प्रकरण कोर्टात जाणारच, आणि तो फक्त जमिनीच्या धन्याने किंवा कसणाऱ्याने घालायचा. पिनेलच्या वकिलाने माझ्याकडे शेताचा कागद मागितलाय. हारो खोटा ठरला तर मी आत आणि दांडेवाले बाहेर. बोटीवर चढताना तू म्हणाली होतीस, "शेताकडे बघशील ना, विंटर?" बघतोय. जर्मनांनी सरपणासाठी सगळी झाडं तोडली, पण बांधावरचं तुझं सफरचंदाचं झाड मी हातापाया पडून वाचवलं. पुढच्या महिन्यात तारीख आहे. ये, आणि न्यायाधीशांपुढे एवढंच सांग की कसायला तूच दिलंस. बटाटे माझे असले, तरी ते शेत तुझ्या नावावर आहे.

तुझाच,
विंटर