शेवटचा नंबर

आई, आज तुझी ती पांढऱ्या दोऱ्याची रीळ आठवली. गावच्या दवाखान्यात तू नर्स होतीस. बाळ जन्मलं, की त्याच्या आईचा वहीतला नंबर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून आधी त्याच्या मनगटाला बांधायचीस. अंघोळ, नाव, बारसं सगळं नंतर. एकदा गारगोटीच्या कॉलेजला सुट्टी म्हणून मी तुझा डबा घेऊन आलोय. तू आतून ओरडतेस, "हिचा नंबर सांग रे!" मी वहीतली शेवटची ओळ वाचतो, "सतरा." तू बाहेर येऊन त्या बाईचा केसपेपर बघतेस. सोळा. मधल्या वेळात दुसऱ्या नर्सनं आणखी एक बाई नोंदवलेली. "शेवटचा कुणी इचारला तुला? हिला कुठला दिला त्यो सांग की! दुसरीचं पोर हिच्या वटीत घालतोस व्हय?" सगळा व्हरांडा हसला होता.

आता मी पन्नाशीला आलो. कोल्हापुरात एका लॅबचा प्रोग्राम मी लिहिला आहे. पेशंटचं नाव टाकलं की पुढचा नंबर डेटाबेस स्वतःच देतो. त्या नावाला जो दिला, तोच मागून घेऊन रक्ताच्या बाटलीवर छापायचा. मी मात्र यादीतला सगळ्यांत मोठा, म्हणजे शेवटचा, नंबर शोधून छापत होतो. नोंदणीची खिडकी एकच होती, तोवर खपून गेलं. गेल्या महिन्यात दुसरी खिडकी उघडली. एका शाळकरी मुलीचं नाव पडलं, आणि तिचं लेबल छापायच्या आत पलीकडून एका आजोबांचं. लॅबमधली पोरगी माझ्यापुढं दोन बाटल्या धरून उभी, "सर, एकीत साखर मावंना, दुसरी चांगली, आन् नंबर एकच! जुळी हायत काय ही?"

दोघांनाही परत बोलवावं लागलं. शाहूवाडीहून एसटीनं ती मुलगी पुन्हा आली. सुई बघून तिनं बापाच्या शर्टात तोंड खुपसलं. साखर आजोबांची निघाली. बाप मला म्हणाला, "पावणं, मशिनचं काय खरं नसतं. तुमी हाय म्हणून निभावलं." 

प्रोग्राममधली एक ओळ बदलली, झालं. सकाळी अंबाबाईला हात जोडून आलो. तिला वेगळं सांगावंसं वाटलं नाही; ती बघत होतीच. तुला कळायला मार्ग नाही, म्हणून हा कागद तुझ्या फोटोमागं ठेवतोय. लॅबच्या मालकांनी विचारलं तेव्हा नेटवर्क गेलं होतं असं मी सांगितलं.

आई, नेटवर्क चांगलं चालू होतं.