एकच माइक, समोरासमोर

३ मार्च
होणार! अल्बम होणार! कंपनीचा ट्रेव्हर स्वतः घरी आला, जो एरवी माझा फोनही उचलत नाही. माझी आजवरची निवडक गाणी आणि द्वंद्वगीतं, सगळी एकत्र. फक्त एक द्वंद्वगीत नवं हवं म्हणे, नाहीतर लोक म्हणतील शिळंच वाढलं. कोणाबरोबर गाणार? मी पटकन बोलून गेले — माझ्या भावाबरोबर!

बोलून बसले खरी. हॉबर्टने नदीत बाप्तिस्मा घेतला, बँजो भिंतीला टांगला, त्याला जमाना झाला. त्यांच्या चर्चमध्ये वाद्याला थारा नाही. माझ्याबरोबर गाणंही तेव्हाच सुटलं.

४ मार्च
फोन केला. नेहमीसारखा त्याच्या बायकोने, नेवाने घेतला. तो कधी फोनवर येतच नाही — देवमाणूस झालाय ना! विचारून सांगते म्हणाली.

१२ मार्च
निरोप नाही. ट्रेव्हर रोज नवं नाव पुढे करतो. आजच्या पोराला हॅट शोभते, एवढंच. हॉबर्टचा वरचा सूर नसला तर माझं गाणं लंगडं पडतं. हे त्याला मी कधी सांगितलं नाही. उद्या गाडी काढते. काय व्हायचं ते होवो!

१३ मार्च
जमलं!! नॅशव्हिलहून थेट केंटकीच्या डोंगरात, मध्ये कुठे थांबले नाही. हॉबर्ट परसात बटाटे लावत होता. कुंपणापासून हाका मारल्या, वळून बघेना. इतका राग? मी तरातरा पुढे जाऊन उभी राहिले, तर चक्क हसला.

नेवाने घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. मी सगळं सांगितलं. तो माझ्याकडे टक लावून बसला होता. मग म्हणाला, “गाण्यात पाप नाही. बँजोला मी शिवणार नाही, गिटार तू धर. पण बाबांच्या पद्धतीने. एकच माइक, समोरासमोर.”

बाबा आम्हाला रेडिओवर असंच उभं करायचे, नाकाला नाक लागेल इतकं जवळ. मुख्य ओळ ज्याची, त्याने पुढे व्हायचं, दुसऱ्याने मागे. चुकलं की टपली! गाणंही बाबांचंच घ्यायचं ठरलं. आज मला झोप येणार नाही.

२६ मार्च
झालं!

स्टुडिओत त्यांनी दोन काचेच्या खोल्या आणि दोन हेडफोन मांडून ठेवले होते. हॉबर्टने बघितलं आणि म्हणाला, “मी काय खुराड्यातली कोंबडी आहे?” सगळं हलवायला लावलं. म्हातारा हट्टी तो हट्टीच.

पहिल्यांदा गाताना तो आपल्या ओळीवर जरा उशिरा आला. मग पुढे सरकला आणि माझ्या गिटारवर तळहात ठेवला. अरे, वाजवू कशी मी? पण हात काढेना. गाताना सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. दुसऱ्यांदा मात्र — काय सांगू! तोच सूर, थोडा खरखरीत, पण तोच! ट्रेव्हर डोळे पुसत होता. मी तर सरळ रडले.

एकच गोष्ट लागली. गाणं पुन्हा लावलं, तर हा ऐकायला थांबला नाही. उठला आणि गाडीत जाऊन बसला. एवढा कसला ताठा?

२ मे
कव्हर आलं. माझ्या नावाखाली त्याचं नाव, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मी भांडून घेतलं.

१९ मे
रेकॉर्ड घेऊन त्यांच्याकडे गेले. नेवाने हात धरून स्वयंपाकघरात नेलं. “वन्सं, ह्यांना काही ऐकू येत नाही. आधी कान गेले, चर्च त्यानंतरचं. तुमच्यासमोर बेसूर व्हायची लाज वाटायची.”

बाहेर आले. आमचं गाणं चालू होतं. हॉबर्ट स्पीकरवर तळहात ठेवून बसला होता. माझ्या ओठांकडे बघून म्हणाला, “वेळेवर आलो का गं मी?”

हो म्हणाले. सावकाश, त्याला दिसेल असं.