मिनिटभर चालू ठेवलेलं इंजिन

प्रिय मामा,

उद्या सकाळी तुमच्या गाडीचं इंजिन काढून न्यायला माणसं येणार आहेत. तुम्हाला न विचारता मी हो म्हणून बसले, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही गेल्यावर मामींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तूच ने बाय, तुला चालवाया येती," म्हणाल्या. तेव्हापासून गाडी इथं सांगलीत आमच्या दारात उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून हे रविवारी तेवढी चालू करतात. तो आवाज सुरू झाला की मी आत जाऊन मिक्सर लावते.

गॅरेजवाले बशीरभाई परवा आले होते. त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं इंजिन पार गेलंय. "वहिनी, गाडी दुसऱ्या कंपनीची हाय, पन इंजिन ह्येच. नवं आता कुटं मिळतंय?" असं ते म्हणाले आणि मला तुमचं हसू ऐकू आलं.

किती लोकांची तोंडं उतरवलीत हो त्या एका गोष्टीवरून! म्हसवडच्या पेठेत घोंगड्यांचं दुकान तुमचं, आणि जीव सगळा इंजिनात. कुणी नवी गाडी दाखवायला आणली की तुम्ही पेढा हातात धरूनच म्हणायचात, "बॉनेट उघड बगू." आत डोकावलं की निकाल तयार. "गाडी तुजी, इंजिन दुसऱ्याचं."

माझ्या लग्नात तर कहर केलात. माझ्या चुलत सासऱ्यांची नवी गाडी मांडवाच्या दारात हार घालून उभी होती, आणि तुम्ही वरपक्षाच्या देखत तिचं बॉनेट उघडलंत. "पावनं, गाडी लय भारी. पन इंजिन आमच्याच गाडीचं हाय." ते जेवायलाच बसेनात. मी बोहल्यावरून बघत होते आणि लाजेनं अर्धी झाले होते. नंतर वर्षभर सासरी मला "इंजिनवाल्यांची भाची" म्हणायचे, आणि मी तुमच्यावर चिडून दिवाळीला फोनसुद्धा केला नाही. केवढी मोठी समजत होते मी स्वतःला!

पण तुमचं चुकीचं काहीच नव्हतं. हे छोटं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन जन्मलं इटलीत. पुढं त्यात अमेरिकेची एक कंपनी निम्म्याची भागीदार झाली, मग ती भागीदारी मोडली. आपल्याकडं ते पुण्याजवळ बनायचं, शिवाय उत्तरेतल्या एका कारखान्यात परवान्यावर बनायचं, आणि एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कंपन्या तेच इंजिन आपापल्या गाडीत बसवून वर आपलं नाव लिहायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "आवं मामा, कुणाचं का असंना, चालतंय न्हवं?" तुम्ही दुकानातलं घोंगडं माझ्या मांडीवर टाकलंत. "ह्ये घेताना गिऱ्हाईक काय इचारतं? मेंढरं कुणाची, इणलं कुणी. मग गाडीला का इचारू नये? ज्यानं केलं त्येचं नाव घ्यावं, बाय."

मला गाडी शिकवलीत तीही तुम्हीच. घरातल्या पोरांना सोडून मला का निवडलंत, हे विचारायचं राहूनच गेलं. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बो आणि सुपरचार्जर यांतला फरक तुम्ही सिद्धनाथाच्या देवळामागच्या मैदानात सांगितला होतात. सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो, इंजिनचंच बळ घेऊन इंजिनला बळ देतो. टर्बो मात्र वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो. "आपलं टर्बोचं घर. टाकून दिलेल्यावर चालतंय," असं म्हणून तुम्ही मागच्या सीटवरच्या काटकसरी मामींकडं बघून डोळे मिचकावलेत.

आणि तो नियम. गाडी पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. टर्बोचं चाक तापलेलं असतं, इंजिन बंद झालं की त्याला तेल मिळत नाही. "मिनिटभर दम घिऊ दे त्येला." मी घाईनं किल्ली फिरवली की तुम्ही हातावर चापट मारायचात. तुमच्या घरातल्या सगळ्यांना ती सवय होती. पाहुणे दारात येऊन थांबायचे, आणि आपण गाडीतच बसून इंजिनाचा दम घेऊन व्हायची वाट बघायचो.

मामा, आता ते लिहिते ज्यासाठी मिक्सर लावावा लागतो.

त्या दिवशी तुमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही दोघं म्हसवडातच होतो. तुम्हाला मागच्या सीटवर झोपवलं, मामींच्या मांडीवर डोकं. मी दिघंची, आटपाडी, भिवघाट, तासगाव करत गाडी अशी आणली की हे शेजारी दरवाजा घट्ट धरून बसले होते. इथं सांगलीच्या दवाखान्याच्या दारात थांबले. हे स्ट्रेचर आणायला आत धावले. आणि मी काय केलं? किल्लीवर हात ठेवून समोर बघत बसले. इंजिनाला दम घेऊ देत!

स्ट्रेचर यायला तेवढा वेळ लागणारच होता. डॉक्टरांनीही सांगितलं की कशानंच काही बदललं नसतं. मला ते पटतं. पण मला वळता आलं असतं ना? हात तुमच्या कपाळावर ठेवता आला असता. तुमचे डोळे उघडे होते, असं मामी सांगतात. तुम्ही माझ्या पाठीकडं बघत होतात. मग तुमचा आवाज आला, "हं. कर आता बंद." मी बंद केली. तेवढ्यात स्ट्रेचर आलं, तुम्हाला आत नेलं, आणि त्यानंतर तुम्ही कुणाशीच बोलला नाहीत.

सगळे म्हणतात, भाचीनं केवढं केलं. मी मान डोलावते आणि विषय बदलते. खरं सांगू? बशीरभाईंना मी कुणाची अडचण बघून हो म्हटलं नाही. मला तो आवाज दारातून घालवायचा होता.

मामींना फोन केला तेव्हा वाटलं, रडतील. त्या हसल्या. "दे बाय दिऊन. दुसऱ्याच्या गाडीत आमचं इंजिन! ह्येनी तर पेढं वाटलं असतं." मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी इंजिनाला दम घिऊ दिलास, तवा ह्येनी माजा हात दाबला. पोरगी इसरली न्हाई, आसं हळूच म्हनलं." हे त्यांनी मला इतके दिवस का सांगितलं नाही? की तो विषय निघाला की मीच त्यांना पुढं बोलू दिलं नाही?

त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण पाठ ती पाठच, मामा.

ज्यांच्या गाडीत हे इंजिन बसेल त्यांना मी मूळ सांगेन, इटलीपासून म्हसवडपर्यंत सगळं, आणि तुमचं नाव घेईन. कंटाळले तरी सांगेन. आणि उद्या माणसं यायच्या आधी मी गाडी माझ्या हातानं चालू करीन. मिक्सर लावणार नाही. मिनिटभर तशीच ठेवीन, आणि या वेळी मागच्या सीटकडं तोंड करून बसेन. मगच बंद करीन.

तुमची भाची,
सुनंदा