आजीचा दाखला

४ ऑगस्ट, सोम.
मीटिंगमध्ये गॅरी सात वेळा "फॅमिली" म्हणाला. मोजलं. ऑफिस फॅमिली, पॅसिफिकची बेटं फॅमिली, रग्बी लीग तर फॅमिलीच. या फॅमिलीत माझं नाव सॅम. संघमित्रा त्याला पहिल्या दिवशी जड झालं आणि तीन वर्षं तसंच जड आहे. टीव्हीवाल्यांसमोर समोअन खेळाडूंची हातभर आडनावं मात्र बिनचूक म्हणतो. ऑकलंडच्या रग्बी लीग ऑफिसचा सीईओ आहे, जमतं.
ऑक्टोबरात बायकांची पॅसिफिक स्पर्धा. फॉर्म यायला लागले. माझं काम नेहमीचंच. खेळाडू स्वतः त्या देशात जन्मलेली हवी, नाहीतर आई-बाप, नाहीतर आजी-आजोबांपैकी एक तरी. म्हणजे दिवसभर लोकांच्या आज्यांचे जन्मदाखले. मग माझी सही. सही नाही तर खेळ नाही. कागदावर मी फारच महत्त्वाची बाई आहे.

७ ऑगस्ट, गुरु.
सगळ्यात छोट्या संघाचे फॉर्म. (बेटाचं नाव वहीतसुद्धा लिहीत नाही. ऑफिसने एवढं एक शिकवलं.)
लुपे, वय २६. मांगेरेच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते, पुढच्या फळीत खेळते. जन्म ऑकलंड, आई ऑकलंड, आजी बेटावरची. आजीची नोंद चर्चच्या वहीत होती. चर्च वादळात गेलं, वही चर्चबरोबर. आजीच्या पासपोर्टवर जन्मस्थळ भलतंच. ती ज्या बंदरातून जहाजात बसली ते कुण्या क्लार्कने लिहून टाकलंय, दुसऱ्याच देशातलं. सोबत पाद्रीबाबांचं पत्र, "या कुटुंबाला मी चाळीस वर्षं ओळखतो."
नियम चार: ओळखीची पत्रं चालत नाहीत. नाकारला. "खेदाने कळवत आहोत." खेद टेम्प्लेटला झाला असेल. मी डबा खाल्ला.

१३ ऑगस्ट, बुध.
त्याच संघाचा आणखी एक फॉर्म, थेट गॅरीच्या हातून. टेगन. सिडनीची, तिथल्या व्यावसायिक लीगमधली स्टार. आजीच्या नावाच्या रकान्यात "नंतर कळवू". जन्माचा पुरावा म्हणून चेअरमनचं पत्र, बोर्डाच्या लेटरहेडवर. "हे कुटुंब माझ्या चांगल्या परिचयाचं आहे."
म्हटलं, ओळखीची पत्रं चालत नाहीत.
"सॅम, चेअरमन आहेत ते."
"पत्र पाद्रीबाबांचंपण होतं."
"कोण पाद्री?"
पोस्टर छापून झालंय, मधोमध टेगन. बोर्डातले पाचही ब्लेझरवाले त्याच्यासोबत फोटो काढून गेले. यातल्या तिघांनी त्या बेटावर पाय ठेवलेला नाही. आज चहाच्या वेळी एकाने मला विचारलं, तिकडे नारळाशिवाय काय पिकतं?

१७ ऑगस्ट, रवि.
सँडरिंगहॅमला किराणा. मिलिंद आदर्श नवऱ्यासारखा आत पोहे आणि तूरडाळ शोधत होता, मी गाडीतून बाबांना फोन लावला. जयभीम, तब्येत, नागपुरातला पाऊस. मग लुपेचं सांगितलं, सहज.
बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग, "तिथंबी व्हॅलिडिटी असते काय बेटा?"
माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी जातपडताळणीवाल्यांनी आजोबांचा शाळेचा दाखला मागितला होता. आजोबांनी शाळा बाहेरून पाहिलेली. बाबा तो अख्खा उन्हाळा तहसिलीच्या रेकॉर्डरूममध्ये. तिथला बाबू म्हणाला होता, तुमचा बाप जन्मला हे कशावरून? शेवटी कोतवाल बुकात एक ओळ सापडली. आजोबांचं नाव चुकीचं, गाव बरोबर. बाबांनी ती नक्कल लॅमिनेट करून ठेवलीय.
"अन् तिथं कागद मागते कोण?" बाबांनी विचारलं.
लाइन खराब आहे, मी म्हटलं. लाइन स्वच्छ होती.

२१ ऑगस्ट, गुरु.
लुपे ऑफिसात. सोबत आजी. ऐंशीच्या पुढची, चर्चचा पांढरा पोशाख, डोक्यावर विणलेली टोपी, रविवार नसताना. झेरॉक्स मशीनशेजारच्या खुर्चीत बसवलं. बसली नाही. काउंटरवर दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. लुपे लाजून लाल.
"काय म्हणतात?"
"सॉरी आंटी. ती म्हणते, ही मी. आणखी काय हवंय?"
मग तिने माझं नाव विचारलं. सांगितलं. "सांगामितिरा," म्हणाली. अख्खं. एका दमात.
गॅरी काचेच्या केबिनमधून बघत होता. मी बोलावू लागले तर त्याने फोन कानाला लावला. स्क्रीन काळी होती, मला दिसत होती.
जेवणाच्या सुट्टीत दोघींना लायब्ररीत नेलं. तिथे एक जे.पी. बसतात, त्यांच्यासमोर शपथेवर लिहून देता येतं. आजी बोलली, लुपेने इंग्रजी केलं, मी लिहिलं. चर्चचं नाव, सुईणीचं नाव, घर खाडीच्या कुठल्या बाजूला, तिच्या आधी गेलेली दोन भावंडं. जे.पी.बाईंनी शिक्का मारला आणि आजीसाठी दार उघडून धरलं.
ऑफिसात आल्यावर फाइलला जोडलं. स्वतःवर खूश. तेवढंही टिकलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्र.
गॅरीने शपथपत्र वाचलंच नाही, उलटं धरून माघारी दिलं. "रूल फोर, सॅम. एकीसाठी दार उघडलं की शंभर येतील."
"टेगनसाठी उघडलंय ना."
"तिची केस वेगळी. ती खेळाला मोठं करते."
म्हटलं, सही दोघींच्या फॉर्मवर करेन नाहीतर दोघींच्या नाही. आवाज माझाच होता, कुठून आला माहीत नाही. त्याने खुर्ची मागे घेतली, हसला, म्हणाला, वीकेंडला विचार कर, यू आर टायर्ड. मी थकले की तो माझ्या वतीने विचार करणार, असं काहीतरी.
घरी रियाला सांगितलं. "आई, दॅट्स सो डॉजी, टोटल चीटिंग," म्हणाली आणि फ्रीजमध्ये डोकं घातलं.

२६ ऑगस्ट, मंगळ.
बोर्डासमोर चार मिनिटं. खुर्ची दिली नाही, म्हणजे मोकळी होती, कुणी बस म्हणालं नाही.
चेअरमन संस्कृतीवर बोलले. बेटांवर शब्दाला किंमत असते, कागद ही आपल्या शहरी लोकांची खोड. इतकं सुंदर बोलले की वाटलं, आता लुपेचं काम झालं. मग म्हणाले, तेव्हा टेगनच्या बाबतीत शब्द पुरेसा आहे.
"आणि लुपेच्या?"
"तिची फाइल पुढच्या वर्षी सहानुभूतीने बघू."
मी सही करत नाही म्हणाले. ब्लेझरांपैकी एकाने बिस्किटाची बशी पुढे केली. मला नाही, शेजारच्याला.

१ सप्टें., सोम.
टेगनचा फॉर्म सिस्टिममध्ये मंजूर. "पडताळणी: संघमित्रा." खाली माझी सही, मागच्या वर्षीच्या कुठल्याशा पत्रावरून उचललेली. पहिल्यांदाच माझं नाव पूर्ण लिहिलंय यांनी.
लुपेसमोर "अपात्र". तिथेही माझंच नाव. ते मात्र खरं.
गॅरीकडे जाऊन ओरडायचं ठरवलं. गेले. दार बंद. दारापुढे उभी राहिले आणि परत आले.
मिलिंद म्हणाला, "हे बघ, कामावरचं कामावर ठेव. दुसरी नोकरी बघ, मग सोड. तोवर गप्प." तो चुकीचं काही बोलत नाही, हाच त्याचा वैताग आहे. गप्प बसले. ब्लेझर घालायचाच बाकी राहिलाय.

१९ सप्टें., शुक्र.
अठरा दिवस वही उघडली नाही. लिहायला काय, गप्प होते.
आज गोंधळ. दुसऱ्या एका संघाने टेगनच्या पात्रतेवर हरकत घेतलीय. बाहेरचं त्रिसदस्यीय मंडळ सुनावणी घेणार, ३० तारखेला. साक्षीदार एकच: पडताळणी अधिकारी.
गॅरीने मला फ्लॅट व्हाइट कॉफी आणून दिली. तीन वर्षांत पहिली. मी दूध घेत नाही.

२३ सप्टें., मंगळ.
गॅरी दार लावून बोलला. घाबरलेला गॅरी रागावलेल्यापेक्षा घाणेरडा.
"एकच प्रश्न विचारतील, कागद बघितला का. तू हो म्हण. आजीचा दाखला होता, नंतर हरवला. ऑल गुड."
"आणि नाही म्हणाले तर?"
"तर खोट्या नोंदणीसाठी अख्खा संघ बाहेर. तेवीस मुली, सॅम. कुणी सुपरमार्केटमधून रजा काढलीय, कुणी पोरं आईकडे ठेवलीत. मला काय होणार? मला दुसरी नोकरी मिळेल."
नियम काढून बघितले. संघ बाहेर जाऊ शकतो, खरंच. या माणसाने तीन वर्षांत बोललेली एकच खरी गोष्ट, आणि ती या कामासाठी वापरली.

२७ सप्टें., शनि.
लुपेने भेटायला बोलावलं. माउंट वेलिंग्टनचा मॉल, फूड कोर्ट. ड्यूटीवरून आली होती, अंगावर वृद्धाश्रमाचा निळा ट्यूनिक. सगळं सांगितलं, सहीचंसुद्धा. मला वाटलं ती चिडेल गॅरीवर.
"तुला कधी कळलं, आंटी?"
"एक तारखेला."
ती चिप्स खात राहिली. मग म्हणाली, "मी संघात नाही, तरी रोज ट्रेनिंगला जाते. बॅगा धरते, बाटल्या भरते. त्या माझ्या मैत्रिणी आहेत. मॅचला स्टँडमधून ओरडणार होते. तू खरं बोललीस तर मी ओरडू कुणासाठी?"
"मग खोटं बोलू?"
"असं मी म्हटलं नाही. मला विचारू नकोस एवढंच. तुमच्या ऑफिसने आधीच खूप विचारलंय आम्हाला."
उठली, माझाही ट्रे उचलून नेला.

३० सप्टें., मंगळ.
सुनावणी दहा वाजता, व्हिडिओवर. मंडळाच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई. गॅरी माझ्या शेजारी, सेंट लावून.
फॉर्म स्क्रीनवर आला.
"ही सही तुमची आहे?"
"सही माझी आहे. मी केलेली नाही."
गॅरीचं पेन थांबलं. तिकडे कुणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं, खुर्ची करकरली.
"आजीचा जन्मदाखला तुम्ही पाहिला होता?"
"नाही. कुणीच पाहिलेला नाही."
"हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"
"एक सप्टेंबर."
"आणि कोणाला कळवलं?"
"कोणालाच नाही."
बाईंनी लिहून घेतलं. तेवढ्या शांतपणे मला कुणी कधी झापलं नव्हतं. मग म्हटलं, मला आणखी एक फाइल दाखवायचीय, आणि आजीचं शपथपत्र वाचून दाखवलं. सुईणीच्या नावासकट. बाई म्हणाल्या, हा विषय आजच्या सुनावणीत येत नाही, पण नोंद घेतली. निकाल राखून ठेवला. संघ राहणार का जाणार, दहा दिवसांत कळेल. माझंही.
गॅरी उठला. दाराशी वळून म्हणाला, "हॅपी, संघ-मित-रा?" म्हणजे येत होतं त्याला. सगळा वेळ येत होतं.

दुपारी लुपेचा मेसेज. "ऐकलं. ट्रेनिंग सहाला. ये."
गेले. इथल्या उन्हाळ्यासाठी रविवारी घड्याळं तासभर पुढे केल्यापासून सहाला लख्ख उजेड असतो, लपायला जागा नाही. मैदान चिखल. सगळ्या जणी मला बघून थांबल्या. कॅप्टन माझ्याजवळ आली, मोठी थोरली, हातात फोमची ढाल, ज्यावर धडका मारायचा सराव करतात. ती माझ्या छातीवर टेकवली.
"धर. पाय रोव."
ऑफिसचे बूट. धरली.
पहिली धावत आली. मी सरळ पाठीवर. आभाळ दिसलं, तोंडात चिखल. कुणी हसलं नाही, ते बरं केलं.
"उठ आंटी," लुपे म्हणाली. ती शेजारी दुसरी ढाल धरून उभी होती. "खांदा खाली घे. तिच्याकडे बघ, जमिनीकडे नाही."
उठले. रांगेत अजून बावीस जणी होत्या. खांदा खाली घेतला. दुसरी निघाली.