काकांच्या कॅमेऱ्याचा पत्ता

तिवसा, मंगळवार दुपार

प्रिय शेखर,

फोन तू उचलत नाहीस, मोबाइलवरचा निरोप उघडतही नाहीस. अमोलची भाजीची गाडी अकोल्याला निघतेय, म्हणून हे त्याच्या हाती देते. मला राग आलाय, हे आधीच सांगून ठेवते. तरी शेवटपर्यंत वाच.

आपण दोघांनी इथे इंटरनेटचा धंदा काढला, तेव्हा पत्ते मिळवताना आपल्या नाकी नऊ आले होते. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला आकडी पत्ता लागतो, आणि जुन्या पद्धतीचे पत्ते जगातच संपत आलेले. वाटप करणारी संस्था आपल्यासारख्या लहानांना मूठभरच देते, तेही कोणाला आणि कशासाठी ते खोदून विचारून. नव्या पद्धतीचे भरपूर मिळतात, पण गावातली जुनी यंत्रं ते ओळखत नाहीत. मग एका विहिरीवर सगळी आळी पाणी भरते, तसा एकेक पत्ता आळीभर वाटून दिला. स्वतंत्र पत्ता फक्त खऱ्या गरजूला, आणि वापरला नाही तर परत घ्यायचा. हा नियम तूच केलास. मग मोठ्या कंपनीत अकोल्याला गेलास आणि जाताना भगवंतकाकांच्या ओसरीवरच्या कॅमेऱ्यासाठी एक पत्ता मागून घेतलास. अकोल्यातून तुला तुझे बाबा दिसत राहतील म्हणालास. ही खरी गरज आहे का, हे मी तुला विचारलं नाही.

काकांनी ते फार मनावर घेतलं. मनकर्णाकाकू गेल्यापासून घरात दुसरं कोण आहे? रोज संध्याकाळी धुतलेला सदरा घालून स्टुलावर चढतात आणि मळ्यातली झेंडूची नाहीतर वांग्याची टोपली कॅमेऱ्यापुढे धरतात. मी हसले की म्हणतात, "पोरी, शेखर पाहून रायला असन. त्याले माल दिसू दे."

दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की त्या पत्त्यावर कॅमेरा बघायला बाहेरून कोणीच येत नाही. मला वेडीला वाटलं, दोष आपल्याच लाइनीत. खांबावर चढून केबल तपासली, जोडणीचा डबा बदलला, कॅमेराही नवा लावला. मग स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहिलं, तर काका स्वच्छ दिसत होते. तू बघत नव्हतास, एवढंच. अकोला काही अमेरिका नाही रे, शेखर.

गेल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर आकांक्षा आल्या. नवं एक्स-रे यंत्र आलंय, पण अमरावतीचं मोठं हॉस्पिटल ठरलेल्या पत्त्यावरूनच चित्रं घेतं. त्यांना स्वतंत्र पत्ता हवा होता आणि माझ्याकडे एकही शिल्लक नव्हता. परवाच नागपूर रोडवरच्या अपघातातला एक माणूस निदानाची वाट बघत तळमळत पडला होता. नियमाने काकांचाच पत्ता काढायला हवा होता. पण काढला तर त्यांना कारण सांगावं लागणार, आणि ते माझ्या तोंडून निघेना. रोज उद्यावर ढकलत राहिले.

आज सकाळी मन घट्ट करून गेले. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात धजेना. काका ओसरीवर पडलेले होते, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, बाजूला टोपली उपडी. काल संध्याकाळी स्टूल सरकलं. रात्रभर थंडीत पडून राहिले, आणि शेजारी तानुबाईचं घर असून एक हाक मारली नाही. मी रागावले तर म्हणाले, "काहून वरडू? शेखर पाहूनच रायला असन म्हनलं, तो करन कोनाले तरी फोन." कॅमेऱ्याचा पत्ता मी तिथेच काढून दवाखान्याला दिला. त्यावरून अमरावतीला गेलेलं पहिलं चित्र काकांच्या खुब्याचं आहे. हाड मोडलंय. त्यांना आता तिकडेच नेतोय, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. तू बघत नव्हतास, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते मघापासून एकच विचारताहेत, अमरावतीच्या दवाखान्यात कॅमेरा आहे का. मी हो म्हटलंय. तू ये.

तुझी जुनी भागीदार,
साधना