कुत्र्याचं फुटर, ड्रिलचं फुटर

शनिवार संध्याकाळ, कार्ल्सरूहे

उद्या पुतणीचं बारसं, आणि पाळणा टांगायला छताला भोकच नाही. दादाच्या स्वस्तातल्या बॅटरी-ड्रिलचा चक, म्हणजे पुढचं टोक धरून ठेवणारा भाग, तुटलाय. चकला जर्मनमध्ये फुटर म्हणतात. दुकानात ऐटीत फुटर मागितलं, तर बाईने कुत्र्यांच्या खाण्यापुढे नेऊन उभं केलं. तेही फुटरच. एरवी असल्या कोट्या मी करतो.

मग टूलवाला सापडला. म्हणे, ह्या मॉडेलचं फुटर सुटं मिळतच नाही, नवीन ड्रिल सोमवारी येतील. सोमवारी काय करू? उद्या रविवार, जर्मनीत सगळंच बंद.

घरी कुत्र्याचा किस्सा रंगवून सांगितला. वहिनी हसली. मग म्हणाली, "राहू द्या भावोजी, मांडीवरच नाव ठेवू."

वहिनीच्या आईला व्हिसा मिळाला नाही. ती व्हिडिओ कॉलवरून पाळणा म्हणणार आहे. कशाकडे बघून म्हणेल?